दुधातलं फॅट मोजायची सोपी पद्धत शोधली, पण पेटंट घेतलंच नाही

गावातल्या डेअरीवर सकाळी कॅन घेऊन रांग लागते. थोडं दूध मशीनला लावलं की लगेच आकडे येतात. फॅट इतकं, एसएनएफ इतकं. त्यावरच लिटरचा दर ठरतो. फॅट दोन-तीन पॉइंटने जरी उतरलं तरी शेतकऱ्याचा चेहरा पडतो.

दुधाचे पैसे नुसत्या मापावर नाही, तर दुधात काय आहे त्यावर द्यायचे, हे आज साधं वाटतं. पण हे गावोगावी शक्य करण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो माणूस होता अमेरिकेतला स्टीफन मोल्टन बॅबकॉक.

बॅबकॉकचा जन्म २२ ऑक्टोबर १८४३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रिजवॉटर गावचा. घरी शेती होती. टफ्ट्स कॉलेजातून पदवी घेतली, पुढचं शिक्षण सुरू झालं आणि वडील गेल्यामुळे शेती सांभाळायला परत यावं लागलं. पण रसायनशास्त्र काही डोक्यातून जाईना. शेवटी जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात जाऊन १८७९ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. काही वर्षं न्यूयॉर्कच्या कृषी संशोधन केंद्रात काम केलं आणि मग तो विस्कॉन्सिन विद्यापीठात आला.

विस्कॉन्सिन तेव्हा गव्हाची शेती सोडून दुधाकडे वळत होतं. गावोगावी लोणी आणि चीजचे कारखाने उभे राहत होते. पण तिथे एक मोठी भानगड होती. पैसे मिळायचे दुधाच्या वजनावर. म्हणजे एकाच्या गायीला पाच टक्के फॅट आणि दुसऱ्याच्या गायीला तीन, तरी दोघांना भाव एकच! वर कुणी साय काढून दूध घालायचा, कुणी पाणी ओतायचा. प्रामाणिक शेतकरी मात्र तोट्यात जायचा.

मग लॅक्टोमीटर नव्हता का? होता. पण तो दुधाची घनता बघतो. पाणी घातलं की घनता कमी होते आणि साय काढली की वाढते. त्यामुळे आधी साय काढून मग बेताने पाणी घातलं, तर लॅक्टोमीटर पुन्हा बरोबर आकडा दाखवायचा. प्रयोगशाळेत फॅट अचूक मोजता यायचं, पण त्याला तासन्‌तास लागायचे आणि रसायनतज्ज्ञही लागायचा. रोज डझनभर शेतकऱ्यांचं दूध असं तपासणं शक्यच नव्हतं.

विद्यापीठाच्या कृषी विभागाचे प्रमुख विल्यम हेन्री यांनी हे काम बॅबकॉकवर सोपवलं. त्याने एक पद्धत तयारही केली. पण असं सांगतात, की गोठ्यातल्या सिल्व्हिया नावाच्या एका गायीच्या दुधाला ती लागू पडेना. बाकी गायींचे आकडे बरोबर येत होते, त्यामुळे पद्धत जाहीर करून टाकावी असा आग्रह होता. बॅबकॉक ऐकेना. एका गायीचा आकडा चुकला म्हणजे उद्या कुठल्या तरी शेतकऱ्याचे पैसे चुकणार. त्याने पुन्हा सुरुवात केली.

१८९० मध्ये त्याने जी पद्धत जाहीर केली ती अशी. लांब, बारीक मानेच्या काचेच्या बाटलीत मोजून दूध घ्यायचं. त्यात जवळपास तेवढंच तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. ॲसिड दुधातली प्रथिनं विरघळवतं आणि फॅट मोकळं होतं. मिश्रण तापतंही, त्यामुळे फॅट पातळ राहतं. मग बाटल्या हाताने फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायच्या. गरम पाणी घातलं की हलकं फॅट वर चढून बाटलीच्या मानेत येतं. मानेवर खुणा केलेल्या असतात, त्यावर थेट टक्के वाचायचे.

हिशोबही भारी होता. दूध घ्यायचं १८ ग्रॅम. त्याचा एक टक्का म्हणजे ०.१८ ग्रॅम. गरम फॅटची घनता साधारण ०.९, म्हणून ते ०.२ मिलिलिटर जागा घेतं. तेवढ्या अंतरावर एक टक्क्याची खूण! त्यामुळे आकडेमोड न करता कारखान्यातला कामगार किंवा स्वतः शेतकरीही दूध तपासू शकत होता. ना वीज लागत होती, ना मोठी प्रयोगशाळा. ॲसिड मात्र जपून हाताळावं लागायचं.

या पद्धतीचं पेटंट घेतलं असतं तर बॅबकॉक गडगंज श्रीमंत झाला असता. त्याने ते घेतलं नाही, पद्धत सगळ्यांसाठी खुली ठेवली. भेसळ करणाऱ्यांचे धंदे बसले आणि कुठली गाय पोसायला परवडते हे शेतकऱ्याला आकड्यात कळू लागलं. पुढच्या एक-दोन वर्षांतच स्वित्झर्लंडच्या निकोलस गर्बरने अशाच तत्त्वावरची पद्धत आणली. भारतातल्या डेअऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालली ती हीच गर्बरची पद्धत.

पण गंमत पुढे आहे. दुधाला आकड्यात बसवणाऱ्या या माणसाचा आकड्यांवर आंधळा विश्वास नव्हता. चाऱ्यातली प्रथिनं, पिष्ट आणि फॅट कागदावर सारखे असले की चारा सारखाच, असं तेव्हाचे तज्ज्ञ मानत. बॅबकॉकला ते पटत नव्हतं. त्याच्याच कल्पनेवरून १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये १६ कालवडींचे चार गट केले गेले. एकाला फक्त मक्याचा आहार, एकाला गव्हाचा, एकाला ओटचा आणि एकाला तिन्हींचं मिश्रण. कागदावर चारही आहार सारखे.

चार वर्षं प्रयोग चालला. मक्यावरच्या गायी धडधाकट राहिल्या, त्यांची वासरंही चांगली निपजली. गव्हावरच्या गायींची वासरं मेलेली जन्मली किंवा लवकरच दगावली. म्हणजे चाऱ्यात असं काहीतरी होतं, जे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

त्या प्रयोगात काम केलेल्या एल्मर मॅकॉलमने मार्गरीट डेव्हिससोबत १९१३ मध्ये अशा एका घटकाचा माग काढला. तोच पुढे अ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. तो त्यांना सापडला कशात? अंड्याच्या बलकात आणि लोण्यातल्या फॅटमध्ये. म्हणजे बॅबकॉक बाटलीच्या मानेत जे मोजत होता, त्यातच!

त्याच वर्षी बॅबकॉक निवृत्त झाला. २ जुलै १९३१ रोजी मॅडिसन शहरात, वयाच्या ८७ व्या वर्षी तो गेला.

आज ॲसिडची जागा ध्वनिलहरी आणि इन्फ्रारेड किरण वापरणाऱ्या छोट्या मशीननी घेतली आहे. ती उचलून थेट गोठ्यातही नेता येतात. पण मशीन कुठलंही असो, त्याला सिल्व्हियाच्या परीक्षेत पास व्हावंच लागतं. एकाही गायीचं दूध चुकीचं मोजलं जाता कामा नये, कारण त्या आकड्यावर एखाद्या घराचा महिन्याचा हिशोब उभा असतो.