बेसी कोलमन : जिद्दीची गगनभरारी

विमानविद्येचा विषय निघाला की राइट बंधूंचे नाव शाळेतील लहान मुलेही सांगतात. बेसी कोलमन हे नाव मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळविणारी ती पहिली आफ्रिकी-अमेरिकन स्त्री होय.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, अटलांटा या गावी झाला. तेरा भावंडांत ती दहावी. आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. बेसी नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून गेले आणि संसाराचा सारा भार आईवर पडला. कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी अशी एकखोली शाळा चार मैलांवर होती. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा सुटे. तरीही गणितात बेसी हुशार होती. अठराव्या वर्षी साठविलेले पैसे घेऊन ती लँगस्टन येथील विद्यापीठात दाखल झाली. पण एका सत्रातच पैसे संपले व तिला परतावे लागले.

पुढे ती शिकागोला भावांकडे गेली आणि एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे नीट करण्याचे काम करू लागली. पहिल्या महायुद्धातून परतलेला तिचा भाऊ जॉन, फ्रान्समधील स्त्रिया विमान चालवितात असे सांगून तिला चिडवीत असे. ते बोलणे तिच्या मनाला लागले. परंतु कृष्णवर्णीय, त्यातही स्त्री, म्हणून अमेरिकेतील विमानशाळांनी तिला प्रवेश नाकारला. तेव्हा ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राचे प्रकाशक रॉबर्ट ॲबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. त्यासाठी ती फ्रेंच भाषा शिकली. नोव्हेंबर १९२० मध्ये तिने अमेरिका सोडली आणि १५ जून १९२१ रोजी परवाना हाती घेतला.

मायदेशी परतल्यावर ती विमानाच्या कसरतींचे प्रयोग करू लागली. १९२३ साली कॅलिफोर्नियात विमान कोसळून तिचा पाय मोडला. बरी होताच ती पुन्हा उडू लागली. जेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही, तेथे ती प्रयोग करीत नसे. आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढावी, हे तिचे स्वप्न होते. ते अपुरे राहिले. ३० एप्रिल १९२६ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे सरावाच्या वेळी ती विमानातून खाली पडून मृत्यू पावली. वय अवघे चौतीस.

मात्र तिचे काम थांबले नाही. १९२९ साली विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिस येथे तिच्या नावाने वैमानिक मंडळ स्थापन केले. १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली आफ्रिकी-अमेरिकन स्त्री, डॉ. मे जेमिसन, बेसीचे छायाचित्र सोबत घेऊन गेली.

विद्यार्थी मित्रहो, बेसीला बंद दरवाजा उघडता आला तो परकी भाषा शिकल्यामुळे. म्हणून कोणतीही भाषा, कोणताही विषय परका मानू नका. पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेसीचे शिक्षण अडले ते बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर फीच्या पैशांमुळे आणि शेतीच्या हंगामामुळे. योग्य वेळी सल्ला देणारा एक माणूस भेटला आणि तिचे आयुष्य पालटले. इल्मसाठी दूरदेशी जाण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. घरकामासाठी वा पैशाअभावी मुलीचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी आपण तिच्या गुरुजनांना आणि आपल्या संस्थेला एकदा तरी भेटावे, एवढीच नम्र विनंती.