ताराबाई मोडक : शाळाच मुलांच्या अंगणात नेणाऱ्या बाई

जून महिना आला की गावोगाव एकच गडबड. नवं दप्तर, नवा गणवेश, आणि पहिलीच्या वर्गाबाहेर आईचा पदर घट्ट धरून रडणारी पोरं. कुणी दोन दिवसांत रुळतं, कुणी पंधरा दिवस दाराकडे बघत बसतं. काही मुलं मात्र पहिल्याच दिवशी हसत आत जातात. त्यांना बाईंची भीती वाटत नाही, गाणी येतात, पाण्याचा ग्लास हातात नीट धरता येतो. अशी बरीच मुलं अंगणवाडीतून आलेली असतात.

अंगणवाडी हा शब्द आज प्रत्येक वाडीवस्तीवर माहीत आहे. पण तो रुजवला कुणी आणि कुठं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती जागा आहे पालघर जिल्ह्यातला डहाणू तालुका, आणि ते नाव आहे पद्मभूषण ताराबाई मोडक.

मुंबई, अमरावती आणि मोडलेला संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे. त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात विरोध नव्हता. ज्या काळात मुलीनं चार बुकं वाचली तरी गावभर चर्चा व्हायची, त्या काळात, १९१४ साली, ताराबाई बी.ए. झाल्या.

लग्न झालं ते अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी. मात्र संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई म्हणजे लोकांच्या बोलण्याला कायमचा विषय. ताराबाईंनी नोकरी धरली आणि थेट गुजरातेत राजकोटला गेल्या. तिथल्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. पद मोठं होतं, पगार चांगला होता. तरीही त्या तिथं फार काळ राहिल्या नाहीत.

वकिली सोडलेला मास्तर

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी वकिली सोडून दिली होती आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केलं होतं. मुलांवर इतकी माया की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, पाठांतराचा मारा नव्हता, पहिला नंबर नव्हता. मुलं माती कालवायची, गोष्टी ऐकायची, गाणी म्हणायची, आपलं आपण ताट-वाटी मांडायची.

या पद्धतीमागे इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा विचार होता. अडीच-तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतचं मूल हातानं, डोळ्यानं, कानानं शिकतं. त्याला या वयात एका जागी बसवून पाटीवर गिरवायला लावलं तर त्याचा हात दुखतो आणि शाळेबद्दल मन विटतं. आधी हाताची बोटं तयार झाली पाहिजेत, कान तयार झाले पाहिजेत. अक्षर आणि अंक त्यानंतर.

ताराबाई राजकोट सोडून भावनगरला आल्या आणि या कामात बुडून गेल्या. तिथं त्यांनी सुमारे नऊ वर्षं काम केलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे गुजरातीतल्या शिक्षणपत्रिकेचा मराठी अवतार ताराबाईंनी चालवला. त्यात त्या आईबापांसाठी लिहायच्या. मूल हट्ट का करतं, मारल्यानं काय होतं, त्याच्याशी बोलावं कसं, असे रोजच्या घरातले विषय असायचे. मुलाची तयारी करायची तर आधी आईबापांची तयारी करावी लागते, हे त्यांना भावनगरलाच उमगलं होतं.

दादरहून बोर्डीला

१९३२ साली त्या मुंबईत परत आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. बालवाडी चालू झाली, बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिरही निघालं. नाव झालं, काम वाढलं.

एक गोष्ट मात्र त्यांना खुपत होती. शिशुविहारात येणारी मुलं शहरातली, शिकल्या-सवरलेल्या घरातली. देशातली बहुतेक मुलं तर खेड्यात. शिवाय माँटेसरीचं साहित्य महाग. घडीव लाकडी ठोकळे, मनोरे, पेट्या. खेड्यातल्या शाळेला ते परवडणार कसं? ज्या शिक्षणानं शहरातल्या मुलाचं भलं होतं, ते गरिबाच्या मुलाला मिळणारच नसेल तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता.

१९४५ साली त्यांनी उत्तर शोधायचं ठरवलं आणि समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. जोडीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंना लहान वयातच वैधव्य आलं होतं. शिकून त्या पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. ती पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य या कामाला दिलं.

पोरं आलीच नाहीत, मग शाळा गेली

बोर्डीत बालवाडी तर निघाली. पण ज्यांच्यासाठी काढली, ती दलित वस्तीतली आणि वारली पाड्यावरची मुलं काही येईनात.

कारणं उघड होती. आईबाप पहाटे मजुरीला जायचे. घरी धाकटं भावंडं सांभाळायला चार-पाच वर्षांचं पोर ठेवलेलं. जरा मोठं झालं की ते गुरांमागे. अंगावर धड कपडा नाही. गावात जायचं तर लोक काय म्हणतील याचा धाक. आणि शाळा म्हणजे सावकाराच्या, जमीनदाराच्या लोकांची जागा, असंच पाड्यावर वाटायचं. त्याच १९४५ साली डहाणू-तलासरी भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. पिढ्यान्‌पिढ्या फसवली गेलेली माणसं पांढऱ्या लुगड्यातल्या शहरी बाईवर एकदम विश्वास कसा ठेवणार?

ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही नाही. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनं मुलांकडे जायचं, एवढा साधा निर्णय त्यांनी घेतला. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या. कुणाच्या तरी घरासमोरचं अंगण झाडायचं आणि तिथंच मुलं गोळा करायची. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी.

सुरुवात शिकवण्यानं होत नसे. आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं. मग गाणं, गोष्ट, खेळ. आणि हे सगळं आईच्या डोळ्यांसमोर. घरकाम करता करता आई दारातून बघायची. आपलं पोर स्वच्छ झाल्यावर कसं दिसतं, ते गाणं कसं म्हणतं, बाई त्याला जवळ कशा घेतात, हे तिला रोज दिसायचं. ज्या गोष्टी भाषणानं पटल्या नसत्या, त्या अंगणात पटल्या. हळूहळू भीती गेली.

शंख, शिंपले आणि चिंचोके

महागड्या साहित्याचा प्रश्नही तिथंच सुटला. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले भरपूर. रानात बिया, पानं, फुलं, दगड. घरोघरी बांबू, माती, भाजीच्या बिया. ताराबाई आणि अनुताईंनी यातूनच शिकण्याचं साहित्य उभं केलं.

याचा उपयोग कसा होतो ते समजून घेण्यासारखं आहे. चिमटीनं एकेक बी उचलून वाटीत टाकताना मूल ज्या तीन बोटांनी बी धरतं, त्याच तीन बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. मोठे शिंपले एकीकडे, लहान एकीकडे लावताना लहान-मोठं कळतं. पाच दगडांसमोर पाच पानं ठेवताना गणिताचा पाया बसतो. गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगताना भाषा तयार होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरं नुसती खेळतायत. खरं तर पहिलीचा अभ्यास तिथं पुस्तकाशिवाय चालू झालेला असतो.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर आलं. इथं सगळा आदिवासी भाग. बालवाडीतून तयार झालेलं मूल पहिलीत गेलं तरी चार दिवसांत गळतंय, असं इथं दिसू लागलं. धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून पोर पुन्हा घरी.

त्यावर विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन यायची. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. बालवाडीतल्या मुलाला पहिलीचा वर्ग रोज समोर दिसायचा, तिथली मुलं, तिथले गुरुजी ओळखीचे व्हायचे. पहिलीत जाणं म्हणजे एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जाणं, इतकं ते सोपं झालं.

गुरं राखणाऱ्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरायला जातात तिथंच शिक्षक जायचे. गुरं चरत राहायची आणि झाडाखाली शाळा भरायची. काम बुडत नाही म्हटल्यावर आईबापांची तक्रारही उरली नाही.

१९६२ साली भारत सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशभर गेला. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ साली शेवटचा श्वास घेईपर्यंत सांभाळलं.

आजच्या आईबापांसाठी

आता प्रश्न उलटा झाला आहे. मुलांना शाळेत कसं आणायचं ही ताराबाईंपुढची अडचण होती. आज मूल तीन वर्षांचं झालं की आईबापांनाच घाई होते. अंगणवाडीत नुसतं खेळवतात, लिहायला देत नाहीत, म्हणून गावागावांतून पिवळ्या गाड्या भरून पोरं दहा-पंधरा किलोमीटरवरच्या शाळेत जातात. घरी आल्यावर गृहपाठ. साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबून एबीसीडी गिरवून घेणं म्हणजे तयारी, असा समज पसरला आहे.

गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषद शाळांमधून पहिलीच्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी मेळावे होतात. आईला सोबत बोलावतात, मूल काय काय करू शकतं ते टेबलाटेबलावर बघतात, आणि घरी काय करून घ्यायचं ते आईला सांगतात. आईला बरोबर घ्यायची ही रीत ताराबाईंच्या अंगणातली आहे.

त्यांच्या कामाकडे बघितलं तर पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी घरी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

- मूल स्वतः जेवतं का, हात धुतं का, लघवीला लागली तर सांगतं का, चड्डीचं बटण लावतं का, हे बघा. जमत नसेल तर रोज थोडी सवय लावा. शाळेत पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त अडतं ते इथंच.
- शेंगा सोलणं, मटार निवडणं, चमचे-वाट्या वेगळ्या लावणं, कणकेच्या गोळ्या करणं, अशी कामं सोबत बसून करू द्या. बोटं तयार होतात आणि मोजणं येतं. बारीक दाणे तोंडात-नाकात घालू नयेत म्हणून लक्ष मात्र ठेवा.
- झोपताना मोबाईल हातात देण्याऐवजी एक गोष्ट सांगा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्याला सांगायला लावा.
- घरात जी बोली बोलता तीच बोला. वारली असो, अहिराणी असो, मालवणी असो. घरच्या बोलीत भरपूर बोलणारं मूल शाळेची भाषाही लवकर उचलतं.
- शाळा सुरू होण्याआधी दोन-तीनदा मुलाला शाळेत घेऊन जा. वर्ग, नळ, शौचालय दाखवा, गुरुजींशी किंवा बाईंशी ओळख करून द्या.
- शाळेचा धाक दाखवू नका. मस्ती केली तर गुरुजींना सांगेन, हे वाक्य घरात बंद करा. ज्याच्या नावानं घाबरवलं, त्याच्याजवळ मूल आनंदानं बसणार नाही.

पहिले काही दिवस मूल रडलं तर त्याला रागावू नका, आणि दुसऱ्याच्या पोराशी तुलनाही करू नका. घ्यायला कोण आणि कधी येणार ते सांगून निघा, आणि सांगितलेल्या वेळेला फाटकाशी हजर राहा.