ओतूरच्या दुष्काळातल्या सावित्रीबाई

स्मरणिका समितीने विषयाची मोकळीक दिली, म्हणून सोसायटीच्या इतिहासाऐवजी आपल्या तालुक्यात येऊन राबलेल्या एका बाईंविषयी लिहितो. सावित्रीबाई फुले म्हटलं की भिडे वाडा, १८४८ सालची मुलींची शाळा आणि अंगावर झेललेलं शेण एवढंच आपल्याला आठवतं. दुष्काळात त्या ओतूरला मुक्काम करून होत्या, हे जुन्नरकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. नवव्या वर्षी जोतीरावांशी लग्न झालं आणि लिहाय-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पुढच्या शाळा, फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी उघडलेलं घर, अस्पृश्यांना खुला केलेला हौद हे सगळं मुलांच्या पुस्तकात आहे, तेव्हा मी पुढे सरकतो.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याची खरी ताकद गावोगावच्या शेतकरी-पाटील मंडळींत होती, आणि ओतूर-जुन्नर हा भाग त्यात पुढे होता. तीन वर्षांत या मंडळींची परीक्षा झाली. १८७६ चा पाऊस गेला. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. माणसं आणि जनावरं मरत होती, नद्या-ओढे कोरडे पडले होते, लोक गावं सोडून चालले होते, काहीजण तर पोटची मुलं विकत होते. हे आपल्या मांडवी नदीकाठचं वर्णन आहे, हे लक्षात घेऊन ते पत्र वाचावं.

सत्यशोधकांनी कमिट्या नेमल्या, धान्य आणि गरजेच्या वस्तू पोचवायला पथकं केली. बाईंची व्यवस्था भाऊ कोंडाज आणि त्यांची पत्नी उमाबाई पाहत होते. ओतूरच्या डुंबरे पाटलांचंही नाव पत्रात आहे. पगार कुणालाच नव्हता. (आपल्याकडे मॅनेजिंग कमिटीवर कोण येणार म्हटलं की सगळे मोबाईलमध्ये बघतात, असो.)

उपासमारीत सावकारांचं फावलं. मी बँकेत पस्तीस वर्षं कर्जाचीच कागदपत्रं हाताळली, त्यामुळे हा भाग मला जास्त कळतो. पीक बुडालेला कुणबी दाणे मागायला गेला की अंगठा आधी उठायचा, मग दाणे मिळायचे. त्या एका अंगठ्यापायी जमीन जायची. दोनच वर्षं आधी, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती. त्यामुळे सरकार सावध होतं. ओतूर भागात दंगे झाले तेव्हा गोरे पोलीस आले आणि त्यांनी पन्नास सत्यशोधकांनाच पकडलं. म्हणजे धान्य वाटणारेच आत गेले.

कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतलं. चांगल्या कामाच्या माणसांना खोट्या आळात का गोवलं, असं त्यांनी त्याला तोंडावर विचारलं आणि ताबडतोब सोडायला सांगितलं. साहेब समंजस निघाला. त्याने पोलिसांनाच झापलं, माणसं सोडवली आणि वर ज्वारीच्या चार बैलगाड्या पाठवून दिल्या. माझ्या मते त्या चार गाड्यांपेक्षा ही भेट मोठी. पन्नास घरचे कर्ते पुरुष अडकून राहिले असते, तर पुढच्या वेळी कमिटीत नाव द्यायला कोण पुढे आलं असतं?

इथलं काम थांबलं नाही. ओतूरच्याच बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजींशिवाय लग्न लावलं, त्यावर जोशांनी दावा केला आणि तो थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेला.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. १८९३ ला सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा दत्तक मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून त्यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. मूल वाचलं, पण त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.