विश्लेषण : नदीत वाहून जाणाऱ्या मातीचा हिशेब मांडणारे ह्यू बेनेट कोण होते?

पहिल्या जोरदार पावसात ओढ्याचे पाणी लालसर किंवा काळपट होते, तेव्हा वरच्या शेतांची माती खाली निघालेली असते. किती माती गेली, हे आज संगणकावर मोजता येते. या मोजणीचा पाया ज्यांच्या हट्टामुळे घातला गेला, ते होते अमेरिकी मृदातज्ज्ञ ह्यू हॅमंड बेनेट. तिथे त्यांना मृदसंधारणाचे जनक मानले जाते.

सुरुवात कशी झाली?

बेनेट यांचा जन्म १५ एप्रिल १८८१ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील अॅन्सन काउंटीत, कपाशी पिकवणाऱ्या कुटुंबात झाला. उतारावर बांध घालणाऱ्या वडिलांना ते लहानपणी मदत करत. विद्यापीठाचे शिक्षण पैशांअभावी मध्येच थांबले, पण १९०३ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्याच वर्षी ते केंद्रीय कृषी खात्याच्या मृदा विभागात सर्वेक्षक म्हणून रुजू झाले.

व्हर्जिनियात काय दिसले?

१९०५ मध्ये व्हर्जिनियातील लुइझा काउंटीत शेते नापीक का होत आहेत, हे शोधायला त्यांना पाठवले गेले. तिथे एकाच उतारावर शेजारी-शेजारी दोन तुकडे होते. एकावर जंगल होते आणि दुसऱ्यावर वर्षानुवर्षे नांगरट झालेली होती. जंगलातील माती भुसभुशीत आणि ओलसर होती, तर शेतातील माती कडक चिकणमाती होती. दोन्हीकडे पाऊस तोच आणि मूळ मातीही तीच, फरक फक्त जमिनीच्या वापराचा होता. शेतावरचा सुपीक थर प्रत्येक पावसात पातळ पापुद्र्यासारखा निघून गेला होता. आपल्याकडे कृषी अभ्यासक्रमात हिला ‘सालकाढी धूप’ म्हणतात. घळ पडली की डोळ्यांना दिसते, पण ही धूप दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

जंगल तोडल्यावर नेमके काय होते?

झाडोरा आणि पालापाचोळा थेंबाचा मार झेलतात. तो आधार गेला की थेंब उघड्या मातीवर आदळतो आणि ढेकळे फुटतात. बारीक कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात, पाणी मुरण्याऐवजी उतारावरून धावते आणि माती घेऊन ओढ्यात, पुढे नदीत उतरते. वरचे शेत नापीक होते, तर खालच्या पात्रात व धरणात गाळ साचतो.

मग विरोध कोणाचा होता?

खुद्द त्यांच्याच खात्याचा. १९०९ मध्ये मृदा विभागाच्या अहवालात माती ही न संपणारी, नष्ट न होणारी संपत्ती असल्याची भूमिका मांडली गेली होती. बेनेट यांचे निरीक्षण नेमके उलटे होते. नोकरीत राहून त्यांनी जवळपास दोन दशके लेख आणि भाषणांतून हा मुद्दा लावून धरला. अखेर १९२८ मध्ये त्यांच्या सहलेखनाची, धुपीला राष्ट्रीय संकट ठरवणारी पुस्तिका खात्यानेच छापली. पुढच्या वर्षी काँग्रेसने धुपीच्या प्रयोगांसाठी १ लाख ६० हजार डॉलर मंजूर केले.

प्रयोग कसे होते?

देशभरात दहा केंद्रे उभी राहिली. उतारावर साधारण ७२.६ फूट लांब आणि ६ फूट रुंद, म्हणजे एक शतांश एकराचे वाफे आखले गेले. कुठे मका, कुठे कपाशी, कुठे गवत, तर कुठे उघडी जमीन. खालच्या टोकाला टाक्या बसवून प्रत्येक पावसानंतर वाहून आलेले पाणी आणि माती मोजली जाई. आतापर्यंत जे डोळ्यांनी दिसत होते, त्याला आकड्यांचा आधार मिळाला.

प्रत्यक्ष नदीखोऱ्यात काय केले?

१९३३ मध्ये स्थापन झालेल्या मृदा धूप सेवेचे बेनेट प्रमुख झाले. पहिला प्रकल्प विस्कॉन्सिनमधील कून क्रीक खोऱ्यात झाला. तिथे शेतकरी उताराच्या दिशेने नांगरत आणि डोंगरावरच्या झाडीत गुरे चारत. प्रकल्पात समपातळी नांगरट, पट्टा पीक पद्धत आणि डोंगरउतारावर चराईबंदी आली. एकेका शेताऐवजी संपूर्ण पाणलोटाचा विचार झाला, ज्याला आपण ‘माथा ते पायथा’ म्हणतो.

१९३५ च्या वसंतात संसदीय समितीसमोर बेनेट यांची साक्ष सुरू असताना पश्चिमेकडून आलेल्या धुळीने वॉशिंग्टनचे आकाश झाकोळल्याची कथा प्रसिद्ध आहे. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारण कायदा झाला. दोन वर्षांनी देशातील पहिला मृदसंधारण जिल्हा ब्राऊन क्रीकच्या खोऱ्यात, बेनेट यांच्या जन्मगावच्या अॅन्सन काउंटीतच स्थापन झाला.

या कामाचा आज उपयोग काय?

बेनेट १९५१ मध्ये प्रमुखपदावरून पायउतार झाले आणि ७ जुलै १९६० रोजी त्यांचे निधन झाले. वाफ्यांवरील प्रयोगांतून जमा झालेल्या नोंदींवर १९६५ मध्ये विश्मायर आणि स्मिथ यांनी धुपीचे सार्वत्रिक समीकरण प्रसिद्ध केले. त्यात सहा घटकांचा गुणाकार आहे : पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराची तीव्रता, जमिनीवरील आच्छादन आणि संधारणाची कामे. पाऊस व मातीचा प्रकार माणसाच्या हातात नाहीत. आच्छादनाचा आकडा मात्र आहे. सतत नांगरलेल्या उघड्या जमिनीसाठी तो १, तर घनदाट जंगलासाठी शून्याच्या अगदी जवळ असतो. म्हणून जंगलाचे शेत झाले की हिशेब कित्येक पटींनी बदलतो. भारतातील नदीखोऱ्यांचे अभ्यासही या समीकरणाची सुधारित आवृत्ती उपग्रह नकाशांसह वापरतात.

महाराष्ट्रात काय घडत होते?

साधारण त्याच काळात दख्खनच्या पठारावरही हा प्रश्न हाताळला जात होता. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले आणि १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजना कायदा आला. गावोगावच्या बांधबंदिस्तीला त्यातून कायद्याचा आधार मिळाला.

मर्यादा कोणती?

कून क्रीकमध्ये उतारावरची धूप खूप कमी झाली, पण आधीच खाली आलेला गाळ ओढ्याकाठी साचून राहिला आणि मिसिसिपीकडे जाणाऱ्या गाळात त्या प्रमाणात घट झाली नाही. शेत काही वर्षांत सावरते. नदीला मात्र जुना हिशेब फेडायला पिढ्या लागतात.