धन्य निल्स स्टेनसेन, शरीरशास्त्रज्ञ व बिशप

मनुष्यदेहाची अद्भुत रचना पाहून परमेश्वराचे स्तवन करणारे पुष्कळ आढळतात. परंतु हाती सुरी घेऊन ती रचना आधी खरोखर कशी आहे ते पाहावे, असा आग्रह धरणारे विरळा. अशा एका पुरुषाचे चरित्र ज्युबिलीच्या या प्रसंगी आम्ही आपल्या बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

निल्स स्टेनसेन यांचा जन्म १६३८ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरी एका ल्यूथरपंथी सोनाराच्या घरी झाला. वैद्यक शिकण्यास ते हॉलंडात गेले. तेथे अ‍ॅमस्टरडॅम येथे १६६० साली मेंढीचे डोके छेदून पाहत असता, कानाजवळच्या पिंडातून तोंडात लाळ आणणारी नळी त्यांस सापडली. ज्या गुरूच्या घरी ते राहत, त्यानेच शोधाचे श्रेय स्वतःकडे ओढू पाहिले; तथापि वैद्यकग्रंथांत ती नळी आजही स्टेनसेन यांच्याच नावाने ओळखली जाते. अश्रू डोळ्याजवळच्या पिंडांतून येतात व डोळा ओला राखतात, हेही त्यांनी दाखविले.

याहून मोठी गोष्ट हृदयाची. हृदय म्हणजे देहातील उष्णतेचे मूळ, कित्येकांच्या मते तर आत्म्याचे आसन, असे त्या काळचे विद्वान मानीत. स्टेनसेन यांनी हृदय उलगडले, तो त्यात तंतूंवाचून काही नाही! हृदय हा एक स्नायू आहे, असे त्यांनी १६६४ साली छापून प्रसिद्ध केले. आमच्या घरोघरी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. तेव्हा हे वाचून कोणास वाईट वाटेल. पण वाटू नये. प्रभूने मनुष्यदेह धारण केला तो खरा, स्नायूंचाच केला.

या शोधाने स्टेनसेन यांच्या मनात मात्र मोठी उलथापालथ झाली. देकार्त या तत्त्वज्ञाच्या मतांवर त्यांची फार भिस्त होती. डोळ्यांनी दिसणाऱ्या, हातांनी चाचपता येणाऱ्या हृदयाविषयी जे पंडित इतके चुकतात, ते ईश्वर व आत्मा यांविषयी खात्रीने बोलतात तेव्हा त्यांवर विश्वास का ठेवावा, असा प्रश्न त्यांस पडला, हे त्यांनी पुढे लायब्निट्स या तत्त्वज्ञास स्वतःच कळविले. १६६५ साली पॅरिस येथे विद्वानांच्या सभेत मेंदूवर व्याख्यान देण्यास उभे राहिले, तेव्हा मेंदूविषयी आपणांस काहीच ठाऊक नाही, अशी त्यांनी सुरुवातीसच कबुली दिली. निर्मात्याच्या कृतीत आपल्या कल्पना घुसडण्यापेक्षा हे मौन आम्हांस अधिक भक्तीचे वाटते.

पुढे ते इटलीत फ्लॉरेन्सच्या राजाश्रयास गेले. १६६६ साली लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक त्यांनी पाहिली. ही केवळ भाकर असेल तर एवढा लोकसमुदाय वेडा ठरतो. आणि हे खरोखर प्रभूचे शरीर असेल तर आपण गुडघे का टेकीत नाही? देहाचा शोध करणाऱ्यास हा प्रश्न सोडवेना. एका मठातील औषधालय सांभाळणाऱ्या सिस्टर मारिया फ्लाव्हिया यांनी त्यांस धर्माविषयी पुष्कळ सांगितले, आणि १६६७ च्या नोव्हेंबरात ते पवित्र सभेत आले. त्याच वर्षी, दगडांत सापडणाऱ्या ‘जिव्हाशिला’ म्हणजे शार्क माशाचे दात होत, हे त्यांनी छापून दाखविले; भूगर्भशास्त्रज्ञही त्यांस आपल्या आद्य पुरुषांत गणतात.

१६७५ साली ते धर्मगुरू झाले. त्यानंतर शवच्छेदाची सुरी त्यांनी जवळजवळ खाली ठेविली. शास्त्राची यात हानी झाली, हे आम्ही नाकारीत नाही. १६७७ साली बिशप होऊन ते उत्तर जर्मनीतील विखुरलेल्या कॅथॉलिकांकडे गेले. म्युन्स्टर येथे साहाय्यक बिशप असता, नव्या बिशपाच्या निवडणुकीत पैसा चालला म्हणून १६८३ साली ते पद सोडून निघाले. दानधर्मापायी त्यांनी आपली अंगठी व क्रूसही विकला, अंगावर जुनी वस्त्रे वागविली. १६८६ च्या डिसेंबरात श्वेरीन येथे, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, असह्य वेदना सोसून त्यांनी देह ठेवला. तो देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झोच्या मंदिरात पुरण्यात आला. आणि २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्य म्हणून घोषित केले.