ग्रेगोर मेंडेल

आई-वडिलांचे गुण मुलांमध्ये कसे उतरतात, हा प्रश्न मानवाला फार प्राचीन काळापासून पडलेला होता. त्याचे उत्तर एका मठातील बागेत, वाटाण्याच्या वाफ्यांत सापडले. ते शोधणारा पुरुष म्हणजे ग्रेगोर मेंडेल.

मेंडेलचा जन्म १८२२ साली हिंचित्से या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले आणि मेंडेलचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा धाकट्या बहिणीने स्वतःच्या लग्नासाठी राखलेल्या रकमेतील काही भाग त्याला दिला. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून मेंडेलने हे ऋण फेडले.

१८४३ साली तो ब्रनो येथील मठात दाखल झाला. शिक्षकाच्या परीक्षेत त्याला दोनदा अपयश आले. परंतु त्यामुळे तो खचला नाही. १८५६ साली त्याने मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग आरंभिले. त्यापूर्वी दोन वर्षे ३४ वाण लावून त्याने त्यांची पारख केली होती. वाटाण्याचे फूल मिटलेले असतानाच त्यात परागसिंचन होते, म्हणून बाहेरचे पराग सहसा आत शिरत नाहीत. मेंडेल कळी हळुवार उघडी, चिमट्याने कोवळे पुंकेसर काढून टाकी आणि दुसऱ्या वाणाचे पराग तिच्यात घाली.

गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा असा संकर केल्यावर सर्व दाणे गोलच निघाले. सुरकुतलेपणा नाहीसा झाला काय? मेंडेलने ते दाणे पेरले. त्यांच्या वेलींवर ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले आले. म्हणजे सुमारे तिनास एक. यावरून त्याने ताडले की, प्रत्येक गुणासाठी रोपाला आई-बापांकडून एकेक अंश मिळतो. दोहोंपैकी एक जरी अंश गोलपणाचा असला, तरी दाणा गोल होतो. सुरकुतलेपणाचा अंश लपून राहतो, पण नष्ट होत नाही. तसे दोन अंश एकत्र आले, की तो पुन्हा प्रकट होतो.

आठ वर्षे हजारो रोपे तपासून काढलेले हे निष्कर्ष मेंडेलने १८६५ साली विद्वानांच्या सभेत मांडले आणि पुढील वर्षी ते छापून प्रसिद्ध झाले. परंतु त्यांचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. १८६८ साली तो मठाधिपती झाला आणि कारभाराच्या व्यापात प्रयोग मागे पडले. ६ जानेवारी १८८४ रोजी तो मरण पावला, तेव्हाही शास्त्रज्ञ म्हणून त्याची कीर्ती झालेली नव्हती.

पुढे १९०० साली तीन निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांना तोच नियम आढळला आणि मेंडेलचा विस्मृत निबंध जगापुढे आला. आज आनुवंशिकताशास्त्र त्याच पायावर उभे आहे. पिकांचे नवे, सकस वाण तयार करताना त्याचेच नियम उपयोगी पडतात. कौतुकाची वाट न पाहता चिकाटीने केलेले काम वाया जात नाही, हेच मेंडेलच्या चरित्रावरून दिसून येते.