मातापुरचा कवि आणि आमचे नवस

नवरात्र जवळ आलें कीं मुदखेडच्या मळ्यांतील फुलांस भाव चढतो, आणि येथून आदिलाबादकडे फुटणाऱ्या लोहमार्गानें किनवटास उतरून माहूर गांठणाऱ्या भाविकांची दाटी होते. त्यांच्या मुखीं असणाऱ्या पदांच्या शेवटीं येणारें ‘विष्णुदास’ हें नांव सर्वांस पाठ आहे. त्या नांवामागील चरित्राचा विचार मात्र थोडेच करितात.

विष्णुदासांचें पूर्वाश्रमींचें नांव कृष्णराव रावजी धांदरफळे. त्यांचा जन्म १८४४ सालीं साताऱ्यास झाला. कृष्णाकांठची ओळखीची भूमि सोडून हा पुरुष त्या काळच्या निजामी राज्यांतील अरण्यवेष्टित माहुरास आला आणि रेणुकेच्या पायांशीं कायमचा राहिला. पुढें त्यानें संन्यास घेतला, आणि १९१७ सालीं माहुरासच देह ठेवला. देवीनेंच त्यांस वाणी दिली अशी भाविकांची श्रद्धा आहे. चमत्काराच्या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. शास्त्रीपंडितांच्या स्तोत्रांपर्यंत ज्यांचा हात पोंचत नव्हता, अशा बायाबापड्यांच्या ओठीं त्यांचीं सोपीं मराठी पदें बसलीं, हाच चमत्कार आम्हांस पुरेसा वाटतो.

त्या पदांत भक्त देवीपुढें याचक म्हणून उभा नाहीं. लेंकरूं आईवर रुसतें, तक्रार करितें, आपले अपराध सांगून पुन्हा पदर धरितें, तशी ती भक्ति आहे. आणि ही आई तरी कोण? पतीच्या आज्ञेवरून पुत्राच्या परशूनें जिचें शिर उतरलें ती रेणुका. परशुरामानें वर मागून तिला पुन्हा उठविलें. पुढें ती पतीबरोबर सती गेल्यावर तो शोक करूं लागला, तेव्हां ती भूमींतून प्रकट झाली, पण त्यानें अधीरपणें मागें वळून पाहिल्यामुळें मुखच तेवढें वर आलें, अशी माहूरची कथा आहे. जिला स्त्री म्हणून दंड भोगावा लागला, तिलाच या कवीनें जन्मभर आई म्हणून हांक मारिली.

आतां आमचें वर्तन पहावें. त्याच आईच्या दारीं आम्ही मुलगा व्हावा म्हणून नवस बोलतों, जणूं पेढीवरची हुंडीच लिहून देतों! गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा १९९४ सालीं झाला. तरीही २०११ सालच्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली ८९४ च भरल्या. गडावरच्या आईस खणनारळ आणि घरांत येऊं पाहणाऱ्या लेंकीस मज्जाव, हा व्यवहार कोणत्या भक्तींत बसतो?

आमच्या व्यापारी बंधूंस देण्याघेण्याचा हिशेब समजावून सांगणें नको. विष्णुदासांनीं आईपाशीं मांडला तो जिव्हाळा, सौदा नव्हे. तेव्हां यंदा गड चढणाऱ्यांनीं पुत्राचा नवस बोलूं नये. नवसाची रक्कम घरच्या किंवा शेजारच्या मुलीच्या शिक्षणास लावावी. त्या आईस ही ओटी अधिक रुचेल, अशी आमची खात्री आहे.